धुऱ्यावरची टकटक

डिसेंबर लागला, तुरीच्या शेंगा भरायला आल्या, की आर्वीतल्या माणसाला सोल्यांची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी आठवते. वांगं घातलेली, वरून संबार, म्हणजे कोथिंबीर पेरलेली, ज्वारीच्या गरम भाकरीशी खायची. मलाही आठवते, मी काही जगावेगळी नाही. पण भाजीच्या आधी मला एक टकटक आठवते. यंदाही तसंच झालं. सकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले. कंपाउंडपलीकडे देवरावभाऊंची तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली, खालच्या शेंगा टपोऱ्या, शेंड्याला अजून थोडी पिवळी फुलं. ते पाहिलं आणि कान आपोआप टवकारले. काहीच ऐकू आलं नाही. मग मी समाधानाने कपड्यांच्या घड्या घालायला लागले.

आमचं घर ले-आउटमधल्या शेवटच्या प्लॉटवर आहे. घर संपलं की कंपाउंड, कंपाउंड संपलं की धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि धुऱ्यावरून सुरू होतं देवरावभाऊंचं शेत. गच्चीच्या एका कोपऱ्यातल्या पाइपापासून धुऱ्यावरच्या बाभळीपर्यंत एक बारीक तांब्याची तार गेलेली आहे. नवीन पाहुणा आला की त्या तारेकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि विचारावं की नाही या विचारात चहा संपवतो. माझा नवरा प्रकाश अशा वेळी आपणहून सांगून टाकतो. "ते आमच्या बाईसाहेबांचं विमानतळ आहे. अजून विमान उतरलं नाई, पण उतरन."

मी आर्वीच्या डेपोत नोकरी करते. कंट्रोल केबिनमध्ये बसून गाड्यांची घोषणा करायची, हे माझं काम. वर्धेची गाडी कुठल्या फलाटावर लागली, तळेगावची किती उशिरा येणार, अमरावतीची रद्द झाली ती का. ही खुर्ची आणि हा माइक मला थूलसाहेबांकडून मिळाला. त्यांनी तिथे अर्धं आयुष्य काढलं. आर्वीत त्यांना चेहऱ्याने ओळखणारे थोडे असतील, पण आवाजाने सगळं गाव ओळखायचं. भरदार, पण जराही न ओरडता बोललेला तो आवाज. गाडी लागली की नेमून दिलेलं सगळं ते सांगायचेच, पण शेवटी पदरचं एक वाक्य जोडायचे. "घाई करू नका." मग बारीकशी विश्रांती, जणू चष्मा नीट करताहेत. आणि मग, "गाडी उभी आहे." हे वाक्य कुठल्याही नियमात नव्हतं. पण ते ऐकलं की दारात चाललेली रेटारेटी खरोखर कमी व्हायची, लेकराचा हात धरून पळणारी बाई चालायला लागायची. मी खुर्चीवर आले तेव्हा ते वाक्य मला म्हणता आलं नाही. दुसऱ्याच्या अंगातला शर्ट आपण घालावा तसं वाटलं. मी नेमून दिलेलंच सांगत राहिले, सगळं दोन-दोनदा, डेपोच्या पद्धतीने.

या कामात एक उणीव आहे, ती खुर्चीवर बसल्याशिवाय कळत नाही. दिवसभर बोलायचं आणि उत्तर कोणीच द्यायचं नाही. आवाज भोंग्यातून बाहेर जातो, लोक पिशव्या उचलतात, गाडीत चढतात, निघून जातात. घरी येईपर्यंत माझा घसा बसलेला असायचा आणि तरी कोणाशी बोलल्यासारखं वाटायचं नाही. हे एकदा मी थूलसाहेबांना बोलून दाखवलं. तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. ते हसले आणि म्हणाले, "रविवारी घरी येजो. तुले उत्तर देणारा माइक दाखवतो."

त्यांच्या घरी, देव्हाऱ्याच्या जागी जिथे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या, त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक वायरलेस सेट होता. त्यातून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज येत होता. त्यांनी बटण फिरवलं आणि त्या चर्रमधून एक माणूस वर आला. तो केरळातला होता, हिंदी मोडकंतोडकं, आणि तो सांगत होता की अंगणातल्या फणसाला यंदा फळ कमी आहे. थूलसाहेबांनी माइक दाबून त्याला सांगितलं की आर्वीत संत्र्याला बहर बरा आहे. दोघांनी एकमेकांच्या तब्येती विचारल्या, आवाज कसा पोचतोय ते सांगितलं आणि निरोप घेतला. मी विचारलं, हे कोण? "आत्ताच भेट झाली," ते म्हणाले. मग काम काय होतं? "काम कायचं? काईच नाई." माझ्या डोक्यात तेच बसलं. दोन बिनओळखीची माणसं, इतक्या लांबून, काहीही काम नसताना एकमेकांना विचारतात, कसे आहात. आणि उत्तर येतं.

मग मी त्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी वायरलेसच्या, भानगडीत पडले. वयाच्या ज्या टप्प्यावर बायका गुडघ्यांचे डॉक्टर बदलतात, त्या टप्प्यावर मी ओहमचा नियम पाठ करत होते. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता कोणत्या लहरी आकाशातून परततात आणि कोणत्या आरपार जातात ते वाचत होते. नागपूरला परवान्याच्या परीक्षेला गेले तर सगळीकडे इंजिनीअरिंगची पोरं. एकाने अदबीने उठून मला खुर्ची दिली आणि विचारलं, "काकू, तुमचा मुलगा कोणत्या हॉलमध्ये आहे?" मी म्हटलं, मुलगा नाही, मीच आहे. त्याने आपलं पेन्सिलीचं खोडरबर अर्धं तोडून मला दिलं. ते मी अजून ठेवलं आहे.

परीक्षा पास झाले आणि मग चौकशीला हवालदार आले. हे व्हायचंच असतं. चांगला माणूस, चहाचा कप हातात धरून बसला.

"बाई, हे वायरलेस कायच्यासाठी पाह्यजे तुम्हाले?"

"बोलाले."

"कोणाशी?"

"जो भेटन त्याच्याशी."

"म्हंजे ओळखीचा?"

"नाई. बिनओळखीचा."

हवालदारांनी प्रकाशकडे सहानुभूतीने पाहिलं. प्रकाशने मान डोलावली, तेवढ्यावर कागद पुढे सरकला. परवाना हाती आला त्या दिवशी थूलसाहेबांनी मला या छंदातली एक रीत सांगितली. इथे बाई कितीही वयाची असो, तिला 'यंग लेडी' म्हणतात, आणि पुरुष मिसरूड फुटलेला असला तरी 'ओल्ड मॅन'. मी ते घरी येऊन सांगितलं. प्रकाश वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "मंग मले लायसन नको." 

मला मिळालेला परवाना खालच्या श्रेणीचा. त्यात बोलायची मुभा असते. मोर्सच्या, म्हणजे ठिपके-रेघांच्या भाषेतल्या, कट्ट-कडकट्टसाठी वरची परीक्षा द्यावी लागते. मला मोर्सची गरजही वाटत नव्हती. माझा सगळा जीव बोलण्यात. थूलसाहेब मात्र त्यातले पट्टीचे होते. टेबलावर पितळी पट्टीची छोटी 'की', म्हणजे कळ होती, ती दोन बोटांनी दाबून ते तासन् तास टकटक करायचे. मला शिकवायला बसले तर मी ठिपके मोजायला लागायची आणि गोंधळायची. त्यावर ते म्हणाले, "मोजू नको. कंडक्टर घंटी कशी मारते? एक टोला, थांब. दोन टोले, चाल. ड्रायव्हर काय मोजत बसते काय? त्याच्या पायाले समजते. बस, हेच मोर्स आहे, फक्त गाड्या जास्त आहेत." मी हसले आणि शिकायचं पुढच्या वर्षावर ढकललं.

पुढचं वर्ष आलं तेव्हा थूलसाहेबांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं.

ज्या माणसाने आयुष्यात सुपारी तोंडात टाकली नाही, त्याच्या घशात ते निघावं, याचा राग मला अजून येतो. माणूस वाचला. आवाज गेला. पूर्ण गेला. भेटायला गेले तर त्यांनी हात जोडून जयभीम केला, ओठ हलले, आणि आत काहीच नव्हतं. मी तिथे रडले नाही, बसस्टँडपर्यंत आले आणि मग रडले. मुलगा भिलाईला नोकरीला, तो त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी माइकचा सेट माझ्याकडे पाठवला, कीचा सेट बरोबर नेला आणि फोनवर संदेश लिहिला, 'मला आता माइक नको. की पुरे. दर रविवारी सकाळी चहानंतर हाक देईन. तू बोल, मी टकटक करीन.'

लोक विचारायचे आणि त्यांचं चुकत नव्हतं. एवढा फोन आहे, त्यावर लिहिता येतं, चित्रं पाठवता येतात, मग ही तार कशाला? मला तेव्हा नीट सांगता यायचं नाही. आता सांगते. फोनवर लिहिलेलं अक्षर सगळ्यांचं सारखं असतं. थूलसाहेबांनी लिहिलेलं 'ठीक आहे' आणि गॅसवाल्याने लिहिलेलं 'ठीक आहे' यात काही फरक नाही. कीवरचा हात मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. कोणी घाईचा, कोणी रेंगाळणारा, कोणी शेवटची रेघ जरा लांबवणारा. जाणते लोक नाव कळायच्या आधी हात ओळखतात. थूलसाहेबांचा आवाज आता कुठे शिल्लक असलाच तर तो त्या दोन बोटांत होता. मला तो ऐकायचा होता. बाकी काही नको होतं.

म्हणून मी त्या हिवाळ्यात मोर्स शिकायला बसले. या वेळी ठिपके मोजले नाहीत. केबिनमध्ये बसून कंडक्टरांच्या घंट्या ऐकायची, फोडणीत मोहरी तडतडली तर त्यात अक्षर शोधायची. दिवाळीनंतरच्या पहिल्या सुट्टीत गच्चीवर सेटच्या अँटेनाची तार लावली. दुसरं टोक धुऱ्यावरच्या बाभळीला हवं होतं, देवरावभाऊंना विचारलं. "बांधा ना ताई, झाड काय नाई म्हनते?" असं ते म्हणाले. तारेला नायलॉनचा दोर जोडला, दोर बाभळीच्या फांदीवरून पलीकडे सोडला, आणि वाऱ्यात तार ताणलेली राहावी म्हणून दोराच्या टोकाला ऑइलचा रिकामा डबा वाळू भरून टांगला. तो तुरीत कुठेतरी लोंबकळत राहिला, दिसेनासा झाला.

पहिला रविवार. मी कानाला हेडफोन लावून बसले. आणि ऐकू आलं. टक्. टक्. टक्. स्वच्छ, ठाम, एकसारखं. एक ठिपका म्हणजे इंग्रजी ई. थूलसाहेब ई, ई, ई करून माझी परीक्षा घेताहेत, असं मला वाटलं. माझे डोळे भरून आले. मी माइक दाबला आणि बोलत सुटले. साहेब, तुम्ही ऐकू येताय, अगदी जवळ बसल्यासारखे ऐकू येताय. भिलाईला थंडी आहे का, जेवण जातं का, डेपोत नवीन पंखा बसवला. मधून थांबायची, उत्तरादाखल टक् टक् यायचं, मला वाटायचं ते हो म्हणताहेत. मन भरेस्तोवर बोलले. मग फोनवर संदेश आला. 'संध्या, तुझा आवाज छान पोचतो. मी केव्हाचा हाक मारतो आहे. तू कोणाशी बोलत होतीस?'

मी देवरावभाऊंच्या झटका मशीनशी बोलत होते.

आमच्याकडे रानडुकरांचा आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, जाच फार. शेताभोवती तार ओढून तिला सौरऊर्जेवरचं छोटं मशीन लावतात. ते दर ठोक्याला तारेत एक झटका सोडतं. जीव जात नाही, पण डुक्कर पुन्हा वळून पाहत नाही. त्या झटक्याचा ठोका माझ्या सेटवर पडत होता, आणि त्याच्याखाली कुठेतरी, पातळ, भिलाईहून येणारी खरी टकटक गाडली गेली होती. प्रकाश ही हकिगत ऐकून इतका हसला की त्याला उचकी लागली. पुढे कितीतरी दिवस मी शेताकडे पाहिलं की तो विचारायचा, मशीनची तब्येत कशी आहे.

दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारी तेच. तार नीट ताणली नसेल म्हणून दर वेळी मी दोर ओढून डबा जवळ घ्यायची, त्यात आणखी वाळू घालायची आणि परत तुरीत सोडायची. माझा आवाज त्यांना पोचत होता. त्यांचा हात मला पोचत नव्हता. म्हणजे पुन्हा डेपोच झाला. मी बोलतेय, समोरून काही नाही. आणि मग थूलसाहेबांचा संदेश आला. 'सूनबाई म्हणते, कोणाला ऐकूच येत नसेल तर थंडीत गच्चीवर कशाला बसता. तिचं चुकत नाही. आणखी एक-दोन रविवार बघू. नाहीतर सेट आवरून ठेवतो.' मी तो संदेश केबिनमध्ये वाचला. पुढची घोषणा करायला मला वेळ लागला, आणि पुलगावची गाडी माझ्या आवाजाशिवायच निघून गेली.

त्या संध्याकाळी मी ठरवून कंपाउंडपाशी गेले. देवरावभाऊ पलीकडे उभेच होते. त्यांचे डोळे लाल, रात्ररात्र पिकाची जागल करून करून चेहरा ओढलेला. मी तोंड उघडायच्या आधी तेच बोलले.

"ताई, एक विचारू का? राग नका मानू. तुमची हे तार माया मशीनचा करंट ओढून राह्यली."

"काऊन भाऊ? माही तार वर, तुमची खाली. मधात केवढं आभाळ आहे."

"मंग तुमची तार लागली त्याच हप्त्यापासून डुकरं काऊन घुसून राह्यले? पयले येत नोते. मशीन टकटक करते, पन तारीत दम नाई. पाह्यटी उठून पाहा तं तूर आडवी. दोन तासं झोपलो मी साऱ्या हप्त्यात."

"अन तुमच्या मशीनमुळे मले माह्या माणसाची हाक ऐकू येत नाई, ते कोणाले सांगू? रविवारी सकाळी जरासं बंद ठेवता का?"

"बंद? सकायी वानरं येते. आता तं अजिबात नाई."

दोघंही आपापल्या तारेच्या बाजूने तणतणत घरी गेलो. मला त्यांचा राग आला होता, आणि त्या लाल डोळ्यांकडे पाहून रागावताही येत नव्हतं. माझा माणूस हातून निसटत होता, त्यांचं पीक. कोणाचं मोठं, हे कोण ठरवणार?

तोड निघाली ती भांडणातूनच. दोनेक दिवसांनी सुट्टीच्या सकाळी देवरावभाऊ पुन्हा कंपाउंडशी आले. या वेळी हातात त्यांचा छोटा रेडिओ होता, मचाणावर सोबतीला असतो तो.

"हे पाहा, आता हाही बिघडला तुमच्या तारीनं. बातम्या लावल्या का टकटक."

मी तो कानाला लावला. तीच टकटक. सहज विचारलं, "भाऊ, साऱ्या वावरात सारखीच येते का?"

ते विचारात पडले. "नाई... मचाणावर कमी येते. नाल्याकडे गेलं का जास्त. अन इकडे बाभयीपाशी तं बातम्याच ऐकू येत नाई."

मी चपला घातल्या आणि कंपाउंडवरून चढून पलीकडे गेले. थूलसाहेबांच्या टेबलाशी बसून जे थोडंबहुत शिकले होते, ते आता आठवत होतं. धड तारेतून वाहणारा झटका फारसा आवाज करत नाही. तो कुठे गळत असेल, ठिणगी पडत असेल, तिथे रेडिओ ओरडतो. म्हणजे टकटक मशीनची नव्हतीच, गळतीची होती. आणि झटका गळत असेल तर पुढच्या तारेत दम कुठून राहणार?

आम्ही तारेच्या कडेने निघालो. तुरीवर दव इतकं की माझी साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली. पुढे मी रेडिओ धरून, मागे देवरावभाऊ विळा घेऊन. नाल्याच्या अंगाला रेडिओ चढत गेला. तिथे रानवेल तारेवर चढून पार गुंडाळली होती, ओल्या पानांतून बारीक चटचट होत होती. देवरावभाऊ जीभ चावून म्हणाले, "मी इकडे आलोच नाई महिनाभर. नजरच गेली नाई." मशीन बंद करून वेल कापली, मशीन पुन्हा सुरू केलं. मग परत फिरलो, धुऱ्याकडे. बाभळीजवळ रेडिओ इतका टणटणला की मी तो कानापासून लांब धरला. देवरावभाऊंनी तूर बाजूला सारली.

कुंपणाच्या तारेवर माझा ऑइलचा डबा बसला होता. दर रविवारी वाळू घालून घालून मी तो इतका जड केला होता की दोर लांबत गेला, डबा खाली आला आणि त्यांच्या तारेला दाबून कुंपणाच्या लोखंडी खांबाशी चिकटवून बसला. मला ऐकू यावं म्हणून जितका जोर लावला, तितकं मी स्वतःचे कान बंद करत होते, आणि वर त्यांचं कुंपण मारत होते. देवरावभाऊंनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार.

"म्हनलो होतो ना मी," ते शांतपणे म्हणाले, "तुमची तार करंट ओढून राह्यली म्हून."

आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. पलीकडून सुमनबाई, देवरावभाऊंची बायको, ओरडून विचारत होत्या काय झालं, आणि आम्हाला सांगता येत नव्हतं. मशीन पुन्हा बंद करून डबा रिकामा केला, दोर आखडून बाभळीच्या खोडालाच बांधला. मशीन सुरू केलं. रेडिओ लावला. कापसाच्या भावाची बातमी चालली होती, एकेक शब्द स्पष्ट.

आता हे दर वर्षीचंच झालं आहे. तुरीला शेंगा धरल्या की देवरावभाऊ रेडिओ कानाला लावून कुंपणाला फेरी मारतात. रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं माणूस गाणी ऐकतोय. "तपासून आलो ताई, सारं चूप आहे," असं कंपाउंडवरून सांगतात आणि ओल्या शेंगांची ओंजळ देतात. त्या मीठ घालून उकडायच्या आणि रविवारी सेटसमोर बसून सोलत सोलत खायच्या. माझ्या सेटच्या बटणांना थोडा मिठाचा खारेपणा लागलेला आहे, तो आता जात नाही. यंदा मी वरच्या श्रेणीची परीक्षा देते आहे. पास झाले तर मलाही की वापरता येईल. प्रकाश म्हणतो, म्हणजे घरात बोलणं आणखी कमी होईल. होऊ दे.

पण मला सांगायचं होतं ते त्या वर्षीच्या, डबा काढल्यानंतरच्या रविवारचं.

चहा झाला. उन्हं गच्चीवर आली होती. प्रकाश न सांगता शेजारी येऊन बसला, हसला नाही. मी हेडफोन लावला. तव्यावरची चर्र, आणि तिच्यात काहीच नाही. त्यांनी सेट आवरून ठेवला असेल तर? मी माइक दाबला. साहेब, मी संध्या, आज माझ्याकडे टकटक नाही, आज मी ऐकतेय, तुम्ही आहात का, तुम्ही आहात का. सगळं दोन-दोनदा, डेपोसारखं, भराभर, श्वास न घेता. बटण सोडलं.

चर्र चालू राहिली. मग तिच्यातून, पातळ पण नेटकं, काहीतरी उमटलं. मी पेन्सिल उचलली. जी. एच. ए. आय. के सुटलं, ए मिळालं. मोर्समध्ये मराठी लिहायची तर इंग्रजी अक्षरांतूनच लिहावी लागते, त्यामुळे शब्द लगेच डोळ्यांत भरत नाही. मी अक्षरं जोडत गेले. घाई. करू. नका.

आणि मग तो थांबला. बारीकशी विश्रांती. चष्मा नीट करायला लागते तेवढी. ती विश्रांती मी कुठेही ओळखली असती. पुढची अक्षरं यायच्या आधीच मला माहीत होतं काय येणार आहे, तरी एकेक अक्षर मी लिहून घेतलं. गाडी. उभी. आहे.

प्रकाशने विचारलं, काय म्हणतात? मी कागद त्याच्याकडे सरकवला. थूलसाहेब पलीकडे शांतपणे माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

सोमवारी डेपोत गेले. सकाळची वर्धेची गाडी लागली. मी नेमून दिलेलं सगळं सांगितलं, दोनदा नाही, एकदाच, सावकाश. दारात रेटारेटी सुरू झाली होती. मी माइक बंद केला नाही. "घाई करू नका," मी म्हटलं. थांबले. "गाडी उभी आहे."

बाहेर भाजीच्या टोपल्या घेऊन वर्धेला जाणारी एक म्हातारी उभी होती. ती वळून माझ्या खिडकीशी आली, काचेवर हाताचा आडोसा करून आत डोकावली.

"काऊन वो बाई," ती म्हणाली, "आज थूलसायेब आले का ड्युटीवर?"

"हो मावशी," मी म्हटलं. "आले."